युरियाच्या कारखान्यांतील काटकसरीचें नियंत्रण

गुऱ्हाळांत कसलेला गुळव्या घड्याळाकडे पाहून काहील उतरवीत नाहीं. ऊंस कोणत्या रानांतला, रस किती पाणचट, चिपाड किती वाळलेलें, हें रोज बदलतें. म्हणून तो पाक पाण्यांत टाकून गोळी पाहतो व त्या लक्षणावर चालतो. रसायनांचे कारखाने कमी खर्चांत चालविण्याच्या विद्येचें मर्महि अशाच लक्षणाच्या निवडींत आहे. ज्याची गोणी आपण रानांत रिती करितों, त्या युरियाचेंच उदाहरण घेऊं.

ट्रॉम्बे येथील कारखाना 1965 सालीं सुरू झाला, थळचा त्यानंतरचा. नैसर्गिक वायु व वाफ यांपासून हायड्रोजन, आणि हवेंतून नायट्रोजन मिळवून तीनास एक या प्रमाणांत ते लोखंडी उत्प्रेरकावरून 400 ते 500 अंश उष्णतेंत व मोठ्या दाबाखालीं नेतात. एका फेरींत सुमारें 15 ते 20 टक्केच वायूचा अमोनिया होतो. तो थंड करून वेगळा काढितात व उरलेला वायु पुन्हां फिरवितात. परंतु त्यासोबत हवेंतील आर्गॉन आणि न फुटलेला मिथेन हेहि येतात, व निचरा नसलेल्या रानांत जसा क्षार सांठतो तसे ते सांठत जातात. म्हणून थोडा वायु सतत बाहेर सोडावा लागतो. फार सोडला तर मोलाचा हायड्रोजन त्याबरोबर जातो. कमी सोडला तर दाब चढतो व दाबयंत्रें अधिक शक्ति खातात.

आतां झडप एका मापावर कायम ठेविली तर काय होईल? येणारा वायु बदलला कीं तें माप चुकलेंच. त्याऐवजीं फिरत्या वायूंतील आर्गॉन-मिथेनचा वांटा कायम राखला, तर झडप आपोआप कमीजास्त उघडते व कारखाना उत्तम स्थितीच्या जवळपास राहतो. नॉर्वेंतील ट्रॉन्डहाइमचे प्राध्यापक सिगुर्ड स्कोगेस्टाड यांनीं 2000 सालीं हाच विचार शास्त्रशुद्ध रीतीनें मांडला: कोणती राशि स्थिर धरली असतां, बाहेर कांहींहि बदललें तरी, नुकसान अल्प राहील, हें आधीं शोधावें. अर्थात् ती राशि चटकन व बिनचूक मोजतां आली पाहिजे. ही निवड न करितां नुसते महागडे संगणक बसविणें आम्हांस उधळपट्टी वाटते.

वाफेची गोष्ट निराळी. ती जितकी कमी तितकें इंधन वांचतें. पण मर्यादेखालीं गेल्यास उत्प्रेरकावर काजळी धरते. येथें उत्तम स्थान बांधाला लागूनच आहे. नियंत्रण डळमळीत असेल तर भीतीनें बांधापासून दूर राहावें लागतें, आणि तें अंतर म्हणजे रोजचा जळणारा पैसा.

युरियाची विक्रीची किंमत सरकार ठरवितें व तूट अनुदानानें भरतें. त्यामुळें ही बचत आपल्या गोणीवर दिसणार नाहीं. मात्र दर टनामागें किती ऊर्जा मान्य, याचें प्रमाण कारखान्यांस आंखून दिलेलें असून त्याहून अधिक जाळल्यास भुर्दंड त्यांच्याच माथीं बसतो.