हळदीपासून हॅवलॉकपर्यंत

लग्नसराई संपत आली की आमच्या ओपीडीत एक ठरावीक पेशंट यायला लागते. हातावरची मेंदी अर्धी उतरलेली, हिरवा चुडा अजून हातात, नाक आणि गाल उन्हाने रापलेले. केसपेपरवर तक्रार असते ‘ताप’ किंवा नुसतेच ‘पोटात दुखते’. बरोबर सासूबाई किंवा नणंद आलेली असते. नवरा बाहेर बाकावर मोबाइल बघत बसलेला. बरोबरच्या मंडळींना पाच मिनिटे बाहेर थांबायला सांगितले की खरी गोष्ट बाहेर येते. लघवीला जळजळ होते, दर पंधरा मिनिटांनी जावेसे वाटते, गेले की चार थेंब होतात. सुरुवात अंदमानातच झाली होती. “मग तिथे डॉक्टरला का नाही दाखवलंस?” यावर उत्तर बहुधा एकच असते. “ह्यांना कसं सांगणार?”

आपल्याकडे या दुखण्याला ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. वैद्यकाच्या बोलीत याच दुखण्याला, नव्या लग्नानंतर झाले तर, ‘हनिमून सिस्टायटिस’ असे नाव फार पूर्वीपासून आहे. नाव गमतीदार वाटते, पण ज्या मुलीला होते तिला त्यात काही गंमत नसते. तिला वाटते की आपल्याला काहीतरी ‘तसला’ आजार झाला. नवऱ्याकडून आला असेल का, हा संशय एकीकडे आणि तो आपल्याविषयी काय समजेल, ही भीती दुसरीकडे. म्हणून आधी स्पष्ट सांगतो, हा गुप्तरोग नाही. बहुतेक वेळा हा संसर्ग ई. कोलाय नावाच्या जिवाणूमुळे होतो आणि हा जिवाणू प्रत्येकाच्या आतड्यात असतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा, पुरुषाचा साधारण वीस. शिवाय बाईच्या शरीरात मूत्रमार्ग, योनी आणि गुदद्वार ही तिन्ही एकमेकांना अगदी लागून. शरीरसंबंधाच्या वेळी तिथलेच जिवाणू मूत्रमार्गात ढकलले जातात. यात चारित्र्याचा संबंध नाही आणि स्वच्छतेचाही फारसा नाही.

पण आत गेलेले जिवाणू प्रत्येक वेळी आजार करत नाहीत. शरीराकडे त्यांना घालवण्याचा एक सोपा उपाय आहे, तो म्हणजे भरपूर आणि वेळच्या वेळी लघवी. आणि नेमका हाच उपाय आपण नवरीला महिनाभर वापरू देत नाही.

कोकणातल्या लग्नाचा तिचा दिवस आठवून पाहा. मे महिना, अंगातून घामाच्या धारा. पहाटे हळद, मग पार्लरवाली, मग नऊवारी, वर शालू, शेला, डोक्यावर मुंडावळ्या, अंगावर दागिने. एवढा थाट करून बाथरूमला जायचे तर दोन बायका बरोबर लागतात आणि नेसवलेले सगळे विस्कटते. म्हणून करवलीच तिला सांगते, “पाणी नको पिऊस गं फार.” मुहूर्त, सप्तपदी, मग स्टेजवर तीन तास उभे राहून फोटो. संध्याकाळी वरात. दुसऱ्या दिवशी सासरी सत्यनारायण. घर भरलेले, मुंबईहून आलेले चाकरमानी माजघरात झोपलेले, आणि बाथरूम मागच्या पडवीच्या पलीकडे. रात्री दार उघडून जायचे तर कोणी ना कोणी विचारणार, “काय हवंय सूनबाई?” पूर्वी नवरीबरोबर पाठराखीण जायची. तिचे महत्त्व मला या एका गोष्टीसाठीही वाटते. नव्या घरात मोरी कुठे आहे हे विचारायला कोणीतरी हक्काचे माणूस असायचे.

पुढे कुलदैवत. गणपतीपुळे, मार्लेश्वर, कोणाचे घाटावरचे जेजुरी नाहीतर तुळजापूर. गाडीत दहा माणसे, आणि रस्त्यावरच्या हॉटेलातला संडास बघून ती परत फिरते. मग रात्रीची कोकणकन्या, मुंबईचा विमानतळ, मधे एक विमान बदलायचे, पोर्ट ब्लेअर, तिथून बोटीने हॅवलॉक. या सगळ्या प्रवासात तिने किती पाणी प्यायले असेल? मी विचारतो तेव्हा मुली हाताने एक छोटी बाटली दाखवतात. ती सुद्धा दिवसाची.

पाण्याचे महत्त्व ही आजीबाईंची समजूत नाही. ज्या बायकांना हा संसर्ग वारंवार होत होता आणि ज्या दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी-पातळ पदार्थ घेत होत्या, अशा १४० जणींवर एक वर्षभर झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावले. त्यांना वर्षात सरासरी पावणेदोन वेळा त्रास झाला, बाकीच्यांना तीनपेक्षा जास्त वेळा. औषध काहीच नाही, फक्त पाणी. संबंधानंतर लघवीला जाऊन येणे हाही साधा, फुकटचा आणि निरुपद्रवी उपाय आहे. नवऱ्याला यात काय वाटायचे ते वाटो.

जळजळ सुरू झालीच तर कोकम सरबत, धण्याचे पाणी, सब्जा खुशाल घ्या. लघवीची जळजळ कमी करणारे गोड सिरपही मिळते. पण त्याने आराम पडतो, जिवाणू मरतातच असे नाही. अँटिबायोटिकचा कोर्स साध्या संसर्गाला तीन ते पाच दिवसांचा पुरतो. तो डॉक्टरला विचारून घ्यावा आणि पुरा करावा. बरोबरच्या कोणाच्या बॅगेत उरलेल्या सर्दीच्या दोन गोळ्या घेणे हा उपाय नव्हे. त्याने जिवाणू दबतात, निर्ढावतात आणि रत्नागिरीला परत येईपर्यंत मूत्रपिंडापर्यंत पोचतात. हुडहुडी भरून ताप, कमरेच्या एका बाजूला वरच्या अंगाला दुखणे, उलट्या, ही लक्षणे असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, मग सहलीचे पैसे भरलेले असोत वा नसोत. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, जी. बी. पंत हे मोठे सरकारी रुग्णालय आहे. मुलगी गरोदर असण्याची थोडी जरी शक्यता असेल तर ते आधी सांगावे, कारण औषध त्यावरून ठरते.

आता दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या.

मुहूर्त गुरुजी काढतात, हॉल मिळेल तेव्हा लग्न ठरते, आणि नवरीची पाळी कोणत्या तारखेला आहे हे कोणाच्याच वहीत नसते. आठ दिवस राहिले की आई मेडिकलमध्ये जाते आणि गोळ्यांची पट्टी घेऊन येते. गोळीतल्या औषधाचे नाव नॉरएथिस्टेरॉन. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करून रोज तीन वेळा घ्यायची, आणि बंद केली की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरने तपासून दिली तर बहुतेक मुलींना ती चालते. माझा आक्षेप गोळीला नाही, ती ज्या पद्धतीने घेतली जाते तिला आहे.

लग्न झाले, सत्यनारायण झाला, आता गोळी बंद करावी तर पाळी नेमकी विमानात येणार. म्हणून ती पुढे चालू राहते. मग कुलदैवत, मग अंदमान. दहा-बारा दिवसांसाठी आणलेली गोळी पंचवीस दिवस चालते. पोट फुगते, मळमळते, छाती जड होते, मधेच रक्ताचे डाग दिसतात. या मात्रेत घेतलेल्या औषधाचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकात बदलतो, त्यामुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. त्यात तासन्‌तास विमानात बसणे आणि पाणी न पिणे आलेच. ज्या मुलीला किंवा तिच्या आईबहिणीला पायात गुठळी झाली होती, जिला यकृताचा आजार आहे, जिला डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी होते, तिने ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊच नये. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली तर तो प्रवासाचा शीण समजू नये.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे, पाळीची गोळी चालू आहे, मग दिवस राहायचे नाहीत. या पद्धतीने घेतलेली ही गोळी गर्भनिरोधक नाही. असे समजून गेलेल्या मुली सहा आठवड्यांनी उलट्या होतात म्हणून येतात. गोळी थांबवून आठवडा झाला तरी पाळी आली नाही, तर सकाळच्या लघवीची तपासणी करून घ्यावी.

यावर तोड आहे, पण ती लग्नाच्या आदल्या आठवड्यात सुचून उपयोग नाही. लग्नाच्या दोन-तीन महिने आधी मुलीने डॉक्टरकडे एक फेरी मारली आणि तिला चालण्यासारख्या असतील तर नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या, तर दोन्ही कामे होतात. सरकारी दवाखान्यात माला-एन फुकट मिळते. पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या असतात. लग्नाच्या महिन्यात लोहाच्या गोळ्या वगळून थेट पुढचे पाकीट सुरू केले की पाळी पुढे जाते आणि संरक्षणही राहते. रक्तदाब मोजायचा, वरचे अर्धशिशी-गुठळीचे प्रश्न विचारायचे, एवढीच तपासणी. ज्यांना संप्रेरक नको त्यांच्यासाठी ‘छाया’ ही आठवड्याची गोळी आहे (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा). ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली, अस्सल देशी. मात्र तिने पाळी लांबू शकते, त्यामुळे तारखा सांभाळायला तिचा उपयोग नाही. आणि निरोध तर आहेच. नवऱ्याने खिशात ठेवण्यासारखी ही एकमेव गोष्ट असूनही ती आणायची जबाबदारी त्याला आठवत नाही. ७२ तासांतली ती गोळी नावाप्रमाणे तातडीसाठी आहे. जितक्या लवकर घ्याल तितकी उपयोगी, आणि पुढच्या संबंधांना तिचे संरक्षण नाही. सहलीत चार वेळा घेतल्याचे सांगणारे जोडपे मी पाहिले आहे. ज्यांना मूल लवकरच हवे आहे त्यांनी उलट फॉलिक अॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी निदान महिनाभर आधीपासून सुरू करावी, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे आईला दिवस गेल्याचे कळायच्या सुमारास.

हे सगळे वर्तमानपत्रात लिहायचे का, असे कोणी विचारेल. आमच्याच जिल्ह्यातल्या मुरुडच्या कर्वे घराण्यातले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी या कामापायी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. त्यातल्या एकात १९३४ साली त्यांची बाजू बॅरिस्टर आंबेडकरांनी लढवली. वाचक त्यांना पत्राने प्रश्न विचारत आणि ते आडपडदा न ठेवता उत्तरे देत. शंभर वर्षे होत आली, आणि आजची पदवीधर मुलगी ते प्रश्न रात्री चादरीत तोंड घालून मोबाइलला विचारते. उत्तरे बरी-वाईट कशीही मिळतात.

त्यातला एक प्रश्न पहिल्या रात्रीच्या रक्ताचा. पुष्कळ मुलींना पहिल्या संबंधात रक्त येत नाही. योनिपटल प्रत्येकीचे वेगळे असते, लवचिक असते, आणि ते पाहून कोणताही डॉक्टर काही सांगू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली कौमार्य चाचणी बंद करा असेच सांगितले आहे. त्या रात्री दोघेही दोन दिवसांचे जागलेले, दमलेले असतात. काही झाले नाही तर काही बिघडले नाही. झोपावे. मुलाला वाटते आपल्यात दोष आहे, आणि तो दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी जाहिरातीतली गोळी शोधतो. ती तर मुळीच घेऊ नये. दुखत असेल, अंग आखडत असेल, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनीही तसेच राहिले, तर दोघांनी मिळून यावे. याला उपचार आहेत.

राहता राहिले बेट. अंदमान आपल्याला परके नाही. सावरकरांमुळे रत्नागिरीच्या माणसाला सेल्युलर जेल पाहिल्याशिवाय तिथून परतवत नाही. बोट लागते त्यांनी गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर नाही. तिने झोप येते, म्हणून तिच्यावर बिअर नको. हॅवलॉकच्या वाळूत संध्याकाळी बारीक माश्या चावतात आणि अंगभर खाज सुटते. पाय झाकणारे कपडे आणि डास पळवणारे मलम दोन्हींवर चालते. डासांची काळजी दिवसाही घ्यावी, डेंग्यूचा डास दिवसाच चावतो. परत आल्यावर महिनाभरात ताप आला तर अंदमानला जाऊन आल्याचे डॉक्टरला आवर्जून सांगा, मलेरियासाठी रक्त तपासले जाईल.

पोहता येते म्हणून आपण कोकणची माणसे समुद्राला गृहीत धरतो, आणि गणपतीपुळ्याच्या बातम्या आपणच वाचतो. किनाऱ्यावर मगरीचा फलक असेल तर तो खराच असतो. स्कूबा करायचे असेल तर ते सहलीच्या सुरुवातीला करा. पाण्याखाली गेल्यावर लगेच विमानात बसले तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. एकदाच डुबकी मारली असेल तर निदान बारा तास, जास्त वेळा मारली असेल तर अठरा तास विमान टाळायचे. सर्दीने नाक चोंदलेले असेल, दमा असेल किंवा पाळी चुकलेली असेल, तर मास्क लावून वरूनच प्रवाळ पाहावे. आणि बोटीवर चढण्याआधी बाथरूमला जाऊन यावे.