बॅरिएट्रिक शल्यचिकित्सकाची निवड

बॅरिएट्रिक शल्यचिकित्सकाची निवड म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या रुग्णाने शल्यचिकित्सक, त्यांचा चमू आणि रुग्णालय यांची माहिती घेऊन उपचाराचे ठिकाण ठरवण्याची प्रक्रिया होय. ही शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसून पूर्वनियोजित असते. त्यामुळे अपघातग्रस्त किंवा हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला न मिळणारी चौकशीची सवड येथे उपलब्ध असते.

या निवडीत दोन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात. शस्त्रक्रिया सुरक्षितपणे पार पडेल का, हा पहिला प्रश्न आहे आणि तिचे उत्तर बऱ्याच अंशी शल्यचिकित्सकाच्या कौशल्यावर अवलंबून असते. शस्त्रक्रियेचा लाभ पुढील अनेक वर्षे टिकेल का, हा दुसरा प्रश्न आहे. त्यावर योग्य रुग्णाची व योग्य शस्त्रक्रियेची निवड, आहार, पूरक जीवनसत्त्वे आणि आजीवन पाठपुरावा यांचा प्रभाव पडतो.

पार्श्वभूमी

‘बॅरिएट्रिक’ हा शब्द वजन या अर्थाच्या ‘बारोस’ या ग्रीक शब्दावरून आला आहे. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील शल्यचिकित्सकांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाचा मार्ग आखूड करणाऱ्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. या पद्धतीने वजन घटत असे. मात्र कालांतराने अनेक रुग्णांमध्ये तीव्र अतिसार, मूतखडे, कुपोषण आणि यकृताचे गंभीर विकार आढळले व ती पद्धत मागे पडली. केवळ घटलेल्या वजनावरून शस्त्रक्रियेचे यश ठरवता येत नाही, हा धडा या अनुभवातून मिळाला. १९६६ साली आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन आणि चिकाशी इतो यांनी गॅस्ट्रिक बायपास ही शस्त्रक्रिया केली.

१९९० च्या दशकात पोट न उघडता दुर्बिणीद्वारे ही शस्त्रक्रिया करणे शक्य झाले. भारतात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहेम्टन उडवाडिया यांनी केली. त्यानंतर देशात या तंत्राचा प्रसार झाला आणि पुढे बॅरिएट्रिक शस्त्रक्रियाही प्रामुख्याने याच तंत्राने होऊ लागली.

शस्त्रक्रियेचे प्रकार

शल्यचिकित्सकाची निवड आणि शस्त्रक्रियेच्या प्रकाराची निवड एकमेकांशी निगडित असतात. प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत:

• स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी: जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढला जातो व उरलेले जठर नळीसारखे अरुंद होते. काढलेला भाग पुन्हा जोडता येत नाही.
• रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास: जठराच्या वरच्या टोकाची सुमारे ३० मिलिलिटर क्षमतेची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते.
• एक-जोड गॅस्ट्रिक बायपास: यात जठराची लांबट पिशवी आतड्याला एकाच ठिकाणी जोडतात.
• समायोज्य पट्टा: जठराच्या वरच्या भागाभोवती पट्टा बसवला जातो. या पद्धतीचा वापर आता बराच कमी झाला आहे.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीनंतर अन्ननलिकेत आम्ल उलट येण्याचा त्रास सुरू होऊ शकतो किंवा आधीचा त्रास वाढू शकतो. त्यामुळे ज्या रुग्णांना हा विकार तीव्र स्वरूपात आहे, त्यांच्यासाठी रू-एन-वाय बायपासचा विचार केला जातो. एकाच प्रकारची शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यचिकित्सकाकडे असा पर्याय उपलब्ध नसतो. म्हणून कोणते प्रकार केले जातात आणि विशिष्ट रुग्णाला त्यांपैकी एक का सुचवला, हे विचारणे निवडीचा महत्त्वाचा भाग ठरते.

कौशल्य आणि परिणाम

शल्यचिकित्सकाच्या हातोटीचा परिणामांवर किती प्रभाव पडतो, याचा बहुचर्चित अभ्यास अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाला व २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात २० बॅरिएट्रिक शल्यचिकित्सकांनी स्वतः केलेल्या गॅस्ट्रिक बायपासची एकेक चित्रफीत दिली. शल्यचिकित्सकाची ओळख लपवून त्या चित्रफिती इतर शल्यचिकित्सकांना दाखवण्यात आल्या व त्यांनी कौशल्यानुसार गुण दिले. सर्वांत कमी गुण मिळालेल्या चतुर्थांश गटाच्या रुग्णांमध्ये गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के, तर सर्वाधिक गुण मिळालेल्या गटात ५.२ टक्के होते. मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे ०.२६ टक्के आणि ०.०५ टक्के होते. कमी गुणांच्या गटात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे व पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाणही अधिक होते.

याच शल्यचिकित्सकांच्या रुग्णांची एका वर्षानंतरची स्थिती तपासणारा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात कौशल्याचे गुण आणि घटलेले वजन यांत लक्षणीय संबंध आढळला नाही. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. कुशल हातांमुळे रक्तस्राव, जोडातून होणारी गळती यांसारखे सुरुवातीचे धोके कमी होतात; त्यानंतरची वाटचाल मात्र शस्त्रक्रियागृहाबाहेरील गोष्टींवर अधिक अवलंबून असते.

शैक्षणिक पात्रता आणि अनुभव

भारतात बॅरिएट्रिक शल्यचिकित्सकाकडे सामान्यतः शल्यशास्त्रातील एम.एस. किंवा डी.एन.बी. ही पदव्युत्तर पात्रता असते व त्यानंतर दुर्बिणीद्वारे करावयाच्या शस्त्रक्रियांचे विशेष प्रशिक्षण घेतलेले असते. व्यवसायासाठी राज्य वैद्यक परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे होते. व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व हे त्या क्षेत्राशी संबंध दर्शवते, परंतु ते कौशल्याचा पुरावा नसते.

दुर्बिणीद्वारे करावयाचा गॅस्ट्रिक बायपास तांत्रिकदृष्ट्या अवघड मानला जातो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या शस्त्रक्रियेवर हात बसण्यासाठी सुमारे १०० शस्त्रक्रियांचा अनुभव लागतो, असा निष्कर्ष काढण्यात आला. अमेरिकेतील अधिस्वीकृती व्यवस्थेत सर्वसमावेशक केंद्राला वर्षाला किमान ५० शस्त्रक्रियांची अट घालण्यात आली. अशा आकड्यांचा अर्थ लावताना पुढील फरक लक्षात घ्यावे लागतात:

• सुचवलेल्या विशिष्ट प्रकारच्या शस्त्रक्रियांची संख्या ही सर्व दुर्बिणीय शस्त्रक्रियांच्या एकूण संख्येपेक्षा अधिक उपयुक्त असते.
• गेल्या वर्षभरातील संख्या ही कारकिर्दीतील एकूण संख्येइतकीच महत्त्वाची असते.
• रुग्णालयाचा आकडा आणि व्यक्तीचा आकडा वेगळे असतात. मोठ्या केंद्रात प्रत्यक्ष शस्त्रक्रिया कोण करणार, हे स्पष्ट असणे गरजेचे असते.
• गळती, रक्तस्राव, पुनर्शस्त्रक्रिया आणि मृत्यू यांच्या नोंदी ठेवल्या जातात का, यावरून केंद्राची कार्यपद्धती कळते.

तुलनेसाठी, अमेरिकेतील ४,७७६ रुग्णांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के आणि गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ४.३ टक्के होते. धोका अल्प असला तरी शून्य नसतो. त्यामुळे आपल्याकडे कधीच गुंतागुंत होत नाही, हा दावा अनुभवाच्या कमतरतेचा किंवा नोंदींच्या अभावाचा द्योतक असू शकतो.

चमू आणि रुग्णालय

अतिस्थूल रुग्णाला भूल देणे, श्वासनलिकेत नळी घालणे आणि शस्त्रक्रियेनंतर श्वसनावर लक्ष ठेवणे यांसाठी अनुभवी भूलतज्ज्ञ लागतात. विशेषतः झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असल्यास ही गरज वाढते. चमूत आहारतज्ज्ञ, मधुमेह किंवा अंतःस्रावतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ अथवा मानसशास्त्रज्ञ असणे अपेक्षित असते. अतिदक्षता विभाग, जास्त वजन पेलणारी खाटा व शस्त्रक्रियेची टेबले, तसेच क्ष-किरण व सी.टी. स्कॅनची सोय यांचाही विचार केला जातो.

गळतीची लक्षणे रुग्ण घरी गेल्यावरही दिसू शकतात. नाडीचा वेग वाढणे, ताप, पोटात किंवा खांद्यात वेदना आणि धाप लागणे ही लक्षणे आढळल्यास विलंब धोकादायक ठरतो. दूरच्या जिल्ह्यातून मुंबई किंवा पुण्यास येऊन शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत रात्री-अपरात्री कोणाशी संपर्क साधायचा आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात जायचे, हे आधीच ठरवून ठेवणे आवश्यक असते.

रुग्णाची पात्रता आणि विमा

जबाबदार शल्यचिकित्सक काही रुग्णांना शस्त्रक्रिया न करण्याचाही सल्ला देतात. पात्रता ठरवताना शरीर वस्तुमान निर्देशांक वापरला जातो. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता हा निर्देशांक मिळतो. १९९१ साली अमेरिकेत ठरलेल्या निकषांनुसार निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक, अथवा गंभीर सहव्याधींसह ३५ किंवा अधिक असणे अपेक्षित होते. २०२२ साली आंतरराष्ट्रीय व अमेरिकी संघटनांनी ही मर्यादा सहव्याधी नसतानाही ३५ वर आणली. आशियाई लोकांमध्ये कमी निर्देशांकालाही मधुमेहासारखे विकार आढळत असल्याने त्यांच्यासाठी २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार सुचवण्यात आला.

भारतातील विमा नियामकाने प्रमाणित केलेल्या अटी याहून कडक आहेत. त्यांनुसार रुग्णाचे वय किमान १८ वर्षे आणि निर्देशांक ४० किंवा अधिक असावा लागतो. किंवा ३५ व अधिक निर्देशांकासोबत हृदयधमनीविकार, लठ्ठपणाजन्य हृदयस्नायूविकार, झोपेतील श्वसनाचा तीव्र विकार अथवा अनियंत्रित मधुमेह यांपैकी एखादी व्याधी आणि सौम्य उपायांचे अपयश आवश्यक असते. उदाहरणार्थ, १६० सेंटिमीटर उंची व ९० किलोग्रॅम वजन असलेल्या व्यक्तीचा निर्देशांक सुमारे ३५.२ भरतो. २०२२ च्या वैद्यकीय निकषांनुसार ती व्यक्ती पात्र ठरते, परंतु यांपैकी कोणतीही व्याधी नसल्यास विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. त्यामुळे पॉलिसीच्या अटी आणि लेखी खर्चपत्रक आधी तपासणे हिताचे ठरते. गुंतागुंत झाल्यास होणारा वाढीव खर्च अनेकदा मूळ ठोक रकमेत धरलेला नसतो.

माहितीपूर्ण संमती

समिरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानुसार, डॉक्टरांनी उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय, संभाव्य धोके आणि उपचार नाकारल्याचे परिणाम रुग्णाला पुरेसे समजावून सांगणे आवश्यक आहे. बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेच्या संदर्भात पर्यायांमध्ये आहार, व्यायाम आणि वजन कमी करणारी नवी औषधे यांचाही समावेश होतो. पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याचा आग्रह या तत्त्वाशी विसंगत असतो.

जाहिराती आणि वैद्यकीय नोंदी

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नीतिविषयक नियमांनुसार डॉक्टरांनी जाहिरातीद्वारे रुग्ण मिळवणे, तसेच रुग्ण पाठवल्याबद्दल मोबदला देणे किंवा घेणे अनैतिक मानले जाते. शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची छायाचित्रे निवडक असू शकतात. वजन पुन्हा वाढलेले किंवा पाठपुरावा सोडलेले रुग्ण त्यांत सहसा दिसत नाहीत. याच नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास वैद्यकीय नोंदी ७२ तासांच्या आत देणे बंधनकारक आहे. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेताना या तरतुदीचा उपयोग होतो.

आजीवन पाठपुरावा

शस्त्रक्रियेनंतर लोह, ब१२ जीवनसत्त्व, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि थायमिन यांची कमतरता उद्भवू शकते. सतत उलट्या होत राहिल्यास थायमिनअभावी मेंदूला इजा पोहोचू शकते. ब१२ प्रामुख्याने प्राणिज पदार्थांतून मिळत असल्याने शाकाहारी रुग्णांच्या बाबतीत अधिक दक्षता घ्यावी लागते. त्यांच्या प्रथिनांचेही स्वतंत्र नियोजन करावे लागते. पहिल्या वर्षी काही महिन्यांच्या अंतराने आणि त्यानंतर दरवर्षी रक्ततपासणी सुचवली जाते. शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो. बायपासनंतर आतडे अंतर्गत फटीत अडकण्याचा प्रकार अनेक वर्षांनीही घडू शकतो. म्हणून पोटदुखी झाल्यास पूर्वीच्या शस्त्रक्रियेची माहिती कोणत्याही डॉक्टरांना देणे आवश्यक असते.

या कारणांमुळे पाच-दहा वर्षांपूर्वीचे किती रुग्ण आजही तपासणीस येतात, हा प्रश्न किती शस्त्रक्रिया केल्या या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा मानला जातो. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून केंद्राची शस्त्रक्रियेनंतरची जबाबदारी कळते, तर दुसऱ्याच्या उत्तरातून केवळ अनुभव कळतो.

हे सुद्धा पहा

• लठ्ठपणा
• शरीर वस्तुमान निर्देशांक
• मधुमेह
• दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया