हौद्यात उजेड

आडगावच्या ट्रक टर्मिनसबाहेर पाऊस नुकताच थांबलाय. खड्ड्यांतल्या पाण्यावर डिझेलचे रंग पसरलेत. मामाची दहा चाकी टाटा मिस्त्रीच्या टपरीकडे तोंड करून उभी आहे. दुपारचे साडेतीन झालेत. रात्री आठला गाडी पिंपळगाव बसवंतला टोमॅटो भरायला लागली पाहिजे, एवढंच मामाने सांगितलंय. मिस्त्रीने त्यावर हो किंवा नाही काहीच म्हटलेलं नाही. तो पायरीवर चढून, दार धरून, केबिनमध्ये बघतोय.

"लायटी किती?"

"केबिनमध्ये दोन-तीन. आणि हौद्यात. हौद्यात पाहिजेतच," मामा म्हणतो.

मिस्त्री छतावरून हात फिरवतो. मरून रेक्झिनची एक कड सुटलीय, ती धरून हलकेच ओढतो. आतून वायरींचा गुंता खाली लोंबतो. लाल, पिवळ्या, काळ्या. एक तर घरातल्या ट्यूबलाइटची पांढरी जोडवायर आहे. दोन वायरींची टोकं नुसतीच हवेत आहेत, कुठून आलीत ते कळत नाही.

"आधी काढू," तो म्हणतो. "मग लावू."

गाडी २००९ ची आहे. मामा तिचा तिसरा मालक. कंपनीतून चासी निघाली, केबिन आणि हौदा बॉडीवाल्याने बांधला. लाकडी सांगाडा, वर पत्रा, आत रेक्झिन, काचेच्या वर सप्तशृंगीचा फोटो. एवढ्या वर्षांत प्रत्येक मालकाने आपापली एकेक वायर टाकली. कोणी टेपसाठी, कोणी पंख्यासाठी, कोणी दिवाळीला लावलेल्या माळेसाठी. जुनी कोणीच काढली नाही. आणि एवढं सगळं असून केबिनमध्ये उजेड देणारा बल्ब एकच आहे. डोक्यावर, पिवळ्या पडलेल्या झाकणाआड, ५ वॅटचा. त्याच्याखाली मामा बिल्टी वाचतो तेव्हा कागद काचेला लावावा तसा झाकणाला लावतो. मी हे लहानपणापासून बघत आलोय आणि आज पहिल्यांदा मला त्याचा राग येतोय.

हौद्यात तर काहीच नाही. टोमॅटोचा हंगाम म्हणजे रात्रीचं काम. शेतकरी दिवसा तोडणी करून पिकअपमधून माल आणतात, लिलाव होतो, व्यापाऱ्याच्या गाळ्यावर निवडानिवड होते आणि २० किलोची क्रेटं गाडीत चढायला लागतात तेव्हा अंधार पडलेला असतो. आवारात मोठे दिवे आहेत, पण हौद्याच्या उंच फळ्यांची सावली बरोबर आत पडते. हमाल मोबाइलची बॅटरी दातात धरून क्रेट लावतात. मागच्या हंगामात याच गाडीत एकाचा पाय दोन क्रेटांच्या फटीत गेला. हाड वाचलं, नख गेलं. त्या दिवसापासून मामाच्या डोक्यात हे दिवे आहेत.

मिस्त्रीचा पोऱ्या चासीलगतची बॅटऱ्यांची पेटी उघडतो. शेजारी शेजारी १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडलेला, म्हणजे गाडीला मिळतात २४. पोऱ्या पाना घेऊन पुढे होतो तसा मिस्त्री वरूनच ओरडतो, "मायनस आधी!" मग माझ्याकडे बघून सांगतो, कारण मी वहीत लिहितोय हे त्याने पाहिलंय. सगळी गाडीच मायनसला जोडलेली असते. मायनस तसाच ठेवून प्लस सोडायला गेलं आणि पाना चुकून पत्र्याला लागला, तर पानाच चिकटतो, ठिणग्या उडतात. मायनस आधी काढला की पाना कुठेही लागो.

पण काढण्याआधी तो मीटर मागतो. एका बॅटरीवर १२.१. दुसरीवर १२.८.

"कोणती बॅटरी सारखी उतरते?"

मामा पहिलीकडे बोट दाखवतो. "दोनदा बदलली. दुसरी उतरत नाही, पण तिचं पाणी सारखं आटतं."

मिस्त्री त्या पहिल्या बॅटरीच्या प्लसवरून निघालेली एक बारीक लाल वायर नखाने उचलतो. ती थेट केबिनमध्ये जाते, टेपला आणि मोबाइलच्या चार्जरला. टेप १२ व्होल्टचा, गाडी २४ ची, म्हणून कोणीतरी मधूनच काढून घेतलंय. रस्त्यावरच्या निम्म्या जुन्या गाड्यांत असंच आहे, तो म्हणतो, आणि त्याच्या आवाजात चीड आहे. टेप रात्रभर एकाच बॅटरीतून खातो. सकाळी गाडी सुरू केली की अल्टरनेटर बघतो दोन्हींची बेरीज, साधारण २८ व्होल्ट. ते निम्मे निम्मे वाटले जातील असं आपल्याला वाटतं. पण भुकेली बॅटरी १३ वर अडकते आणि भरलेलीवर १५ पडतात. एक कधीच पोटभर जेवत नाही, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. दोघी मरतात, आणि दोष बॅटरीच्या कंपनीला.

मामा गप्प आहे. दोन बॅटऱ्यांचे पैसे तो मनात मोजत असावा.

"याला कन्व्हर्टर लावू. दोन्हींतून मिळून २४ घेतो, १२ करून देतो. टेप त्याच्यावर. लायटी मात्र सरळ २४ च्याच घ्या, मध्ये काही नको."

मायनस सुटतो, मग प्लस. आता गाडी पूर्ण मेलेली आहे आणि मिस्त्री निवांतपणे तिच्या पोटात हात घालतो.

रेक्झिन खिळ्यांवरून सुटत जातं. मी टॉर्च धरून उभा आहे. वायरी एकेक करून बाहेर येतात, पोऱ्या त्यांची वेटोळी करून रिकाम्या डब्यात टाकतो. डबा भरतो. मग वायपरच्या वरच्या बाजूला, जिथे पत्रा वळतो तिथे, मिस्त्री थांबतो. "हे बघा."

ट्यूबलाइटच्या त्या पांढऱ्या वायरीचं प्लास्टिक तळहाताएवढ्या लांबीवर वितळून तपकिरी झालंय. आतलं तांबं काळं पडलंय. मागच्या लाकडावर कोळशाची एक रेघ आहे. बोटभर. पत्र्याच्या धारेवर घासून घासून वायर सोलली, गाडी उडेल तशी अधूनमधून पत्र्याला लागत राहिली आणि तापली. फ्यूज का गेला नाही? मिस्त्री फ्यूजच्या डब्याचं झाकण काढतो. फ्यूजच्या जागी तांब्याचा एक पीळदार तुकडा आहे.

हे कोणी केलं, मामा विचारत नाही. तो लाकडावरची रेघ अंगठ्याने घासतो, अंगठ्याकडे बघतो. या लाकडापासून त्याची झोपायची फळी हातभर अंतरावर आहे.

पावसाची एक बारीक सर येऊन जाते. आम्ही टपरीत चहा घेतो. शेजारी एक नवीकोरी गाडी उभी आहे, तिच्या केबिनला एसी आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकांना एसी केबिन बंधनकारक झालीय. मला त्याचं खरंच बरं वाटतं. पण नियम नव्या गाड्यांना. मामाच्या केबिनमध्ये काय हवं ते मामालाच बघावं लागणार, आणि त्याच्यासारखे कितीतरी या रस्त्यावर रोज मुंबई आणि आग्र्याच्या दिशेने जातायत.

साडेपाच. आता लावायला सुरुवात होते. मिस्त्री फ्यूज बॅटरीच्या पेटीतच बसवतो, प्लसपासून वीतभर अंतरावर. मामाला तो केबिनमध्ये हवा, हाताशी. "हाताशी ठेवला तर बॅटरीपासून केबिनपर्यंतची वायर कोण सांभाळणार?" मिस्त्री विचारतो. "फ्यूज त्याच्या पुढच्या वायरीला वाचवतो. मागच्या नाही."

हौद्यासाठी सहा दिवे आहेत, पाणी न शिरणारे, २४ व्होल्टचे, प्रत्येकी ६ वॅट. सगळे मिळून ३६ वॅट, म्हणजे दीड अँपियर. जुने २१ वॅटचे सहा बल्ब लावले असते तर सव्वापाच अँपियर लागले असते. तरीही मिस्त्री दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतो. एवढ्याशा दिव्यांना एवढी जाड कशाला, असं मामा म्हणतो. शेवटच्या दिव्यापर्यंत तीस फूट आहे, बारीक वायरीत विजेची ताकद वाटेतच खर्च होते, शिवाय गाडीतली वायर हादरे खाते, हे तो एका दमात सांगतो आणि वायर मोजायला लागतो. वाव मोजावी तशी, दोन्ही हात पसरून.

मला सर्वांत आवडतं ते त्याचं जोड करणं. वायर सोलायची, थिंबल चढवायचं, पकडीने दाबायचं, मग ओढून बघायचं. प्रत्येक थिंबल ओढून बघतो, एकही सोडत नाही. वर काळी नळी सरकवून लायटरची ज्योत फिरवली की नळी आवळून वायरीला चिकटते. पीळ मारून टेप गुंडाळणं त्याला मान्य नाही. उन्हात टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटते, आत पाणी जातं. टोमॅटोच्या गाडीत तर पाणी कायमचं, फुटलेल्या फळाचं आंबट पाणी. ते तांब्याला हिरवं करतं.

चासीच्या आतल्या बाजूने वायर फ्लेक्सिबल पाइपात जाते. सायलेन्सरच्या बाजूने नाही, डिझेलच्या टाकीवरून नाही, प्रॉपेलर शाफ्टपासून लांब. हौद्याच्या पत्र्याला भोक पाडलं की आधी त्यात रबराचं बूच बसतं, मगच वायर. आणि आत शिरण्याआधी वायरीला तो खाली एक झोळ देतो. पाणी वायरीवरून ओघळत येतं, झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळतं, वर भोकात चढत नाही. ही एवढीशी वाकलेली वायर पाहून मला फार समाधान वाटतं.

दिवे वरच्या कडेला नको, असं मामा स्वतःच सांगतो. ताडपत्रीची दोरी तिथेच आवळतात, पहिल्याच फेरीत दिवा उपटला जाईल. म्हणून दिवे कडेखाली, लोखंडी अँगलच्या आडोशाला बसतात. मायनससाठी मिस्त्री हौद्याच्या पत्र्यावर भरवसा ठेवत नाही. गंजलेल्या बोल्टमधून परतीची वीज नीट जात नाही, दिवा मिणमिणतो आणि लोक दिवाच बदलत बसतात. त्याने परतीची वेगळी वायर टाकलीय. चासीवर एक जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासून, बोल्ट आवळून, वर ग्रीस थापलंय.

केबिनमध्ये मात्र वाद होतो. मामाला छताला सगळीकडून निळी पट्टी हवीय, गुजरातच्या गाड्यांना असते तशी. मिस्त्री वाद घालत नाही. एक पट्टी तात्पुरती जोडतो, मामाला सीटवर बसवतो आणि दार लावतो. बाहेर अंधारलंय.

"रस्ता दिसतो का?"

काचेत निळी पट्टी दिसतेय. तिच्या मागे मामाचा चेहरा. त्याच्या मागे कुठेतरी रस्ता.

"काढा," मामा म्हणतो.

शेवटी झोपायच्या फळीच्या डोक्याशी एक पिवळसर मंद दिवा, त्याचं बटण आडवं पडून हात पोहोचेल तिथे. क्लीनरच्या बाजूला बिल्टी वाचायला झाकणाचा पांढरा. दार उघडल्यावर पायरीवर पडणारा एक. आणि निळी पट्टी हातभर कापून सप्तशृंगीच्या फोटोमागे, तिचा उजेड छताकडे, काचेकडे नाही. हौद्याच्या बटणाशेजारी लाल ठिपका आहे. दिवे चालू राहिले तर तो सांगेल.

पैसे देताना मामा घासाघीस करत नाही. मी त्याला घासाघीस न करताना फारसं पाहिलेलं नाही.

पावणेआठला आम्ही निघतो. ओझर मागे पडतं. पाऊस पुन्हा लागलाय, वायपर एका बाजूला अडखळतो. मामा दर थोड्या वेळाने तो लाल ठिपका बघतो. ठिपका विझलेला आहे.

आवारात आमच्यापुढे तीन गाड्या आहेत. नंबर लागायला साडेनऊ होतात. फळका पाडून हमाल वर चढतात, पहिल्याने सवयीने मोबाइल दातात धरलाय. मामा केबिनमधून बटण दाबतो.

हौद्याचा तळ दिसतो. फळ्यांमधल्या फटी, मागच्या फेरीची वाळलेली बी, कोपऱ्यात वाकलेला खिळा. खालून कोणीतरी "अरे वा" म्हणतं. एक म्हातारा हमाल पहिलं क्रेट टेकवण्याआधी तो खिळा पायाने चाचपतो, वाकतो आणि दगडाने ठोकून आत घालतो. मग क्रेटं येऊ लागतात. या उजेडात वरच्या थरातलं फळ ओळखू येतं. लांबच्या बाजाराला जाणारा माल फिकट, अर्धा हिरवा. एक क्रेट लालभडक निघतं, मुकादम ते हाताने थांबवून खाली परत करतो. दिल्लीला पोहोचेपर्यंत त्याचं पाणी झालं असतं.

मामाचा फोन वाजतो. मिस्त्री आहे.

"किती वेळ झाला लावून?"

"तासभर."

"फ्यूजपासच्या वायरीला हात लावून बघा."

मामा उतरतो. मी छत्री धरतो. तो पेटीचं झाकण वर करतो, पालथा हात वायरीला लावतो, तसाच ठेवतो, मिस्त्री दुपारी ठेवत होता तसा. वर क्रेट ठेवल्याचा आवाज येतो. मुकादम मोठ्याने आकडा सांगतो.

"गार आहे," मामा फोनमध्ये म्हणतो.