चालताना पोटरी दुखते, थांबलं की बरं वाटतं? दरवेळी वयाला दोष देऊ नका

घरातून बाजाराला निघालेला माणूस दोनशे पावलांवर थांबतो. पोटरी आवळून येते. दोन-चार मिनिटं उभं राहिलं की दुखणं थांबतं आणि पुन्हा तेवढंच चाललं की परत सुरू होतं. घरचे म्हणतात, वय झालं. मग बाम चोळला जातो आणि खरा आजार तसाच राहतो.

हा पेरिफेरल आर्टरी डिसीज म्हणजे पीएडी असू शकतो. यात पायाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आतून चरबीचा थर साचून अरुंद होतात. बसल्यावर तेवढं रक्त पुरतं, पण चालताना स्नायूंना जास्त ऑक्सिजन लागतो आणि तो मिळत नाही. तंबाखू, विशेषतः विडी-सिगारेट आणि मधुमेह ही याची सगळ्यात मोठी कारणं. बीपी आणि कोलेस्टेरॉल त्यात भर घालतात.

असाच थर हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही असू शकतो. म्हणून पीएडीच्या रुग्णांना हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका जास्त असतो.

तपासणी कशी होते?
एबीआय चाचणीत घोट्याजवळचं आणि दंडाचं बीपी मोजतात. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागलं की उत्तर ०.९० किंवा कमी आल्यास पीएडी मानतात. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवू शकतो. तेव्हा पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजतात.

उपाय काय?
तंबाखू पूर्ण बंद. शुगर, बीपी ताब्यात. रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने. आणि चालणं! दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा, निदान १२ आठवडे. पायावर जखम असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. एवढं करूनही त्रास राहिला तर अँजिओप्लास्टी किंवा बायपासचा विचार होतो.

कधी थांबायचं नाही?
रात्री झोपेत पाऊल दुखणं आणि पाय खाली सोडल्यावर बरं वाटणं, न भरणारी जखम, काळं पडणारं बोट ही गँगरीनकडे नेणारी लक्षणं आहेत. पाय अचानक थंड, पांढरा, बधिर झाला तर काही तासांत पाय गमवावा लागू शकतो. तेव्हा शेक देत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.