दीपिका कुमारी यांची कारकीर्द : तिरंदाजीतील यशाच्या मोजमापाचा प्रश्न

जागतिक क्रमवारीत प्रथम स्थान मिळवूनही दीपिका कुमारी यांना ऑलिम्पिक पदक लाभले नाही. त्यामुळे 'मोठ्या स्पर्धेत दडपणाखाली खचणारी खेळाडू' असा शिक्का त्यांच्यावर बसला. हा शिक्का कितपत न्याय्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रांचीजवळील रातू चट्टी येथे एका रिक्षाचालकाच्या घरी १९९४ साली त्यांचा जन्म झाला. खरसावां व त्यानंतर जमशेदपूर येथील टाटा तिरंदाजी अकादमीत त्यांचे शिक्षण झाले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी दोन सुवर्णपदके पटकावली. २०१२ मध्ये अंताल्या येथील विश्वचषक टप्प्यात वैयक्तिक सुवर्ण मिळवून त्याच वर्षी त्या क्रमवारीत अग्रस्थानी पोहोचल्या. २०२१ मध्ये पॅरिस येथील विश्वचषकात तर एकाच दिवशी तीन सुवर्णपदके त्यांनी जिंकली.

ऑलिम्पिकचे चित्र मात्र वेगळे दिसते. लंडन येथे पहिल्याच फेरीत पराभव, रिओ येथे उपउपांत्यपूर्व फेरीत, तर टोकियो व पॅरिस येथे उपांत्यपूर्व फेरीत. येथे खेळाची रचना ध्यानी घेणे अगत्याचे ठरते. ७० मीटर अंतरावरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १२.२ सेंटिमीटर व्यासाचे असते. मानांकन फेरीत ७२ बाण सोडावयाचे असल्याने एखादी चूक भरून निघते. बाद फेरीत मात्र प्रत्येक सेट तीन बाणांचा. सेट जिंकल्यास दोन गुण, बरोबरी झाल्यास एक. सहा गुण प्रथम मिळविणारा विजयी. म्हणजे नऊ ते पंधरा बाणांत निकाल लागतो आणि प्रत्येक बाणाला वेळ अवघी वीस सेकंद.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये (२०२४) कोरियाच्या नाम सु-ह्योन यांच्याविरुद्ध दीपिका ४-२ अशा आघाडीवर होत्या. उरलेल्या दोन्ही सेटमध्ये त्यांनी प्रत्येकी २७ गुण नोंदविले. नाम यांनी २९. सामना ६-४ असा गेला. सेट पद्धतीस दोष देण्याचा मोह येथे होतो, परंतु पाचही सेटची बेरीज केली तरी १३६ विरुद्ध १४० हेच उत्तर येते. तेव्हा प्रश्न गुणपद्धतीचा नाही, बाणांच्या अल्प संख्येचा आहे. विश्वचषकाचे टप्पे दरवर्षी अनेक होतात, तेथे चांगल्या-वाईट दिवसांची सरासरी साधते. ऑलिम्पिकला चार वर्षांतून एकच दिवस वाट्यास येतो. (टोकियो येथे सातारा जिल्ह्यातील प्रवीण जाधव यांच्या साथीने खेळलेल्या मिश्र दुहेरीतही कोरियानेच वाट अडविली होती.)

अर्थात या विवेचनाने सर्व काही उलगडते असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. वर्षातील निवडक तिरंदाजांच्या विश्वचषक अंतिम स्पर्धेत दीपिका यांनी २०११, २०१२, २०१३, २०१५ व २०२४ असे पाच वेळा रौप्यपदक मिळविले, सुवर्ण मात्र एकदाही नाही. पाच रौप्यपदकांचे खापर केवळ नशिबावर फोडता येत नाही. तथापि दडपणाखाली खचणारी व्यक्ती पाच वेळा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचते कशी, याचेही उत्तर टीकाकारांनी द्यावयास हवे. यांतील शेवटचे रौप्य तर डिसेंबर २०२२ मध्ये कन्येच्या जन्मानंतर पुन्हा धनुष्य हाती घेऊन मिळविलेले आहे.