वाळवंट ‘व्हास्ट’, मग हत्ती का नाही?

बिग, लार्ज, ह्यूज, एनॉर्मस ही विशेषणं आपण आकाराच्या चढत्या पायऱ्या म्हणून पाठ करतो. माझ्या मते खरा फरक किती मोठं यापेक्षा कोणत्या अर्थाने मोठं, यात आहे. ‘व्हास्ट’ पसरलेल्या गोष्टींना लागतं: वाळवंट व्हास्ट, हत्ती ह्यूज. ‘मॅसिव्ह’मध्ये वजन आणि भरीवपणा असतो. ‘इमेन्स’चं लॅटिन मूळ ‘न मोजलेलं’ असं, त्यामुळे ते आनंदालाही चालतं आणि दुःखालाही. ‘कोलोसल’मागे ऱ्होड्स बेटावरचा पुतळा आहे, तो इ.स.पूर्व 3ऱ्या शतकातल्या भूकंपात कोसळला, शब्द मात्र टिकला. सगळ्यात फसवे बिग आणि लार्ज. ‘बिग ब्रदर’ म्हणजे थोरला भाऊ. ‘लार्ज ब्रदर’ म्हटलं तर ऐकणारा त्याच्या पोटाकडे बघेल.

यावर कुणी म्हणेल, हल्ली सिनेमाचं यशही मॅसिव्ह असतं, मग हे भेद उरले कुठे? बोलण्यात ते सैल झालेत, हे मान्य. पण सैलपणा एकाच दिशेने जातो. मॅसिव्ह कुठेही शिरतं, तरी व्हास्ट हत्ती अजून कुणी म्हणत नाही. ‘व्हास्ट मेजॉरिटी’ रूढ आहे, कारण तिथेही दूरवर पसरलेला समूहच डोळ्यांसमोर येतो. म्हणून विशेषण नामासकट पाठ करा. एखादी जोडी अडत असेल तर जरूर विचारा.