फिलिपा राणीच्या तीन तरवारी

पोर्तुगालचा राजा पहिला जुआंव तख्तावर बसला तो वारसाहक्काने नव्हे. पेद्रो राजाचा तो अनौरस पुत्र. शिवाय आव्हिसच्या धर्मयोद्ध्यांच्या संघाचा प्रमुख या नात्याने ब्रह्मचर्याच्या व्रताने बांधलेला. परंतु औरस शाखा पुत्रावाचून खुंटली, कास्तीलचा राजा आपल्या पत्नीच्या नावाने पोर्तुगालवर हक्क सांगू लागला, तेव्हा परक्याच्या अमलापेक्षा घरचा लेकावळा बरा असा विचार करून कोइंब्रा येथे भरलेल्या प्रतिनिधिसभेने १३८५ साली त्यालाच राजा निवडले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात अल्जुबारोता येथे इंग्लिश तिरंदाजांच्या मदतीने त्याने कास्तीलच्या कितीतरी मोठ्या फौजेचा धुव्वा उडवला आणि या निवडीवर रणांगणाचे शिक्कामोर्तब झाले.

इंग्लंडशी १३८६ साली विंडसर येथे तह झाला आणि पुढच्याच वर्षी लँकेस्टरच्या ड्यूकची थोरली कन्या फिलिपा पोर्तो येथे जुआंवची राणी झाली. वय सव्वीस, त्या काळी राजकन्येच्या लग्नाला हा उशीरच म्हणावयाचा. जुआंवला व्रतातून मोकळे करणारी पोपची सनद मात्र काही वर्षांनी हाती आली. तहनाम्याच्या पोटी जन्मलेला हा संसार, पण तो मोठ्या निष्ठेने चालला. आठ अपत्यांपैकी दोन लहानपणीच गेली. दुआर्ते, पेद्रो, एन्रीक, इसाबेल, जुआंव आणि फर्नांदो ही सहा नावारूपाला आली. लग्नापूर्वी राजाला झालेली दोन अपत्ये, अफोन्सो व बेआत्रीस, यांचाही त्याने अव्हेर केला नाही; अफोन्सोला सरदाराची मुलगी आणि मोठी जहागीर मिळाली. या अफोन्सोकडे वाचकाने लक्ष असू द्यावे.

मुलांना सरदारकी द्यावयाची तर ती मेजवान्यांत नव्हे, खऱ्या युद्धात, असे ठरून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपलीकडील मुसलमानांचे सेउता हे संपन्न बंदर लक्ष्य ठरले. १४१५ च्या उन्हाळ्यात आरमार सज्ज होत असतानाच राणीला प्लेगने गाठले. बखरकार झुरारा सांगतो की, थोरल्या तिघांसाठी तिने रत्नजडित तरवारी करवून घेतल्या होत्या. त्या मृत्युशय्येवरून एकेकाच्या हाती देऊन तिने दुआर्तेवर न्यायाची, पेद्रोवर स्त्रियांच्या रक्षणाची आणि एन्रीकवर सरदारवर्गाची जबाबदारी सोपविली. मग वारा कोणता सुटला आहे असे तिने विचारले. उत्तरेचा, असे उत्तर येताच, तुम्हांला तो अनुकूल आहे, सेंट जेम्सच्या सणाला निघा, असे ती म्हणाली. बखरकाराने प्रसंग थोडा सजविला असेल. पण आरमार खरोखरच त्या सणाच्या दिवशी, म्हणजे २५ जुलैला, निघाले. दुआर्तेचा स्वतःचा जबाब तर याहून हृद्य आहे. तारुण्यात आपल्याला जडलेल्या खिन्नतेच्या विकाराविषयी त्याने आपल्या ग्रंथात लिहिले आहे, आणि आईच्या दुखण्यात तिची वेदना जाणवू लागल्यावर स्वतःची वेदना विसरण्यापासूनच आपण बरे होऊ लागलो, अशी कबुली दिली आहे. पंधराव्या शतकातल्या एका राजाने स्वतःच्या मनाचा हा असा झाडा द्यावा, याचे मला अल्जुबारोताच्या विजयाहून अधिक नवल वाटते.

सेउता २१ ऑगस्टला एका दिवसात पडले, आणि तिथल्या मशिदीचे चर्च करून तिन्ही भावांना तेथेच सरदारकी मिळाली. परंतु जिंकलेले हे ठाणे राखण्याचा खर्च खजिन्याला झेपेना. जुआंव १४३३ साली वारला आणि दुआर्ते गादीवर आला. पुढे १४३७ साली एन्रीक व फर्नांदो तांजियरवर चालून गेले, शत्रूच्या वेढ्यात सापडले, आणि सेउता परत देण्याच्या करारावर धाकटा फर्नांदो ओलीस राहिला. ठाणे सोडावे की भाऊ? सभेत मतभेद झाले, कारभाऱ्यांनी काथ्याकूट केला, दुआर्ते १४३८ मध्ये प्लेगने गेला. सेउता काही दिले गेले नाही. फर्नांदो १४४३ साली फेझच्या बंदिवासात मरण पावला. कामोंइश कवीने ज्या भावंडांचा पुढे गौरव केला, त्यांचा एकोपा आईबापांच्या हयातीतच काय तो टिकला, हे इतिहासाच्या दप्तरात उघड दिसते.

पेद्रोची कहाणी तर अधिक कडू आहे. अज्ञान पुतण्याच्या वतीने त्याने राज्याचा कारभार चोख पाहिला, आणि त्याच कारकीर्दीत १४४२ साली सावत्रभाऊ अफोन्सोला ब्रागांसाचा ड्यूक हा किताब दिला. त्याच अफोन्सोने तरुण राजाचे कान भरले, आणि १४४९ साली अल्फारोबेइरा येथे राजाच्या फौजेशी लढताना पेद्रो ठार झाला. जुआंव आणि फिलिपा या नवरा-बायकोची जोड समाधी बातालियाच्या मठात आहे. दगडी मूर्तींनी एकमेकांचा हात धरलेला. भिंतीशी ओळीने त्यांचे मुलगे पेद्रो, एन्रीक, जुआंव आणि फर्नांदो निजले आहेत.

आव्हिसचा वंश १५८० साली बुडाला. स्पेनच्या अमलानंतर १६४० मध्ये गादी मिळाली ती लेकावळ्या अफोन्सोच्या ब्रागांसा घराण्याला. आणि त्याच घराण्यातली कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला देताना, १६६१ च्या विवाहतहात मुंबई बेट आंदण लिहून दिले गेले. ते ताब्यात घ्यायला इंग्रजांना १६६५ साल उजाडले, आणि १६६८ मध्ये राजाने ते सालिना दहा पौंडांच्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले.